रुळावरची काळी रेघ

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. हिंगोलीत बाजाराच्या गल्लीत दुकान आहे. आधी अब्बा बसायचे, आता मी बसतो. दिवसभर बॉबिन, शटल, सुईची दांडी असल्या बोटाएवढ्या वस्तूंत डोळे घालून बसायचं काम. म्हणूनच कदाचित मला मोठी यंत्रं बघायला आवडत असतील. कारण काहीही असो, बऱ्याच वर्षांपासून मला आगगाड्यांचे फोटो काढायचा नाद आहे.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं नवा कॅमेरा घेतला, तेव्हा त्याचा जुना माझ्याकडं आला. सोबत लांबचं जवळ आणणारी एक लेन्स. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी, कधी दुकान उघडायच्या आधी, मी स्कूटर काढून रुळाच्या कडेनं जातो. आमचा मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या. मालगाडी आली तर डब्यांवरचे आकडे टिपून ठेवतो. खडी दाबणारं पिवळं यंत्र एकदा आठवडाभर स्टेशनच्या बाजूच्या रुळावर उभं होतं, त्याचे मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. विजेचे खांब रोवले गेले, शिडीचा डबा येऊन तारा ओढून गेला, धूर सोडणारी डिझेल इंजिनं हळूहळू दिसेनाशी झाली. ते सगळं माझ्याजवळ आहे. लोक विचारतात, ह्याचं करता काय? मी म्हणतो, बघतो. दुसरं खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

असलं उत्तर एकदा मला फार महागात पडलं. त्याला आता अडीच वर्षं झाली असतील. एका गावाजवळ मी रेल्वेच्या पुलाचे फोटो काढत होतो. दोन मोटारसायकली थांबल्या.

"कशाचे फोटो काढून राहिले?" एकानं विचारलं.

"पुलाचे."

"काहून?"

मी म्हणालो, आवड आहे. त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. तेव्हा त्यानं सोबतच्याकडं बघितलं, आणि खिशातून फोन काढला. पंधरा-वीस मिनिटांत तिथं पन्नास माणसं जमली. कुणी म्हणालं, लेकरं पळवणारी टोळी आहे, कुणी म्हणालं, पूल उडवायचा बेत आहे. कुणीतरी कॉलर धरली. मला गावात नेऊन मंदिरासमोरच्या ओट्यावर बसवलं. दुपार कलली तरी मी तिथंच. पाणी मागायचीही भीती वाटत होती. शेवटी गर्दीतून एक बाई पुढं आली. ती गावात ब्लाउज शिवायची आणि तिची मशीन मी दोनदा दुरुस्त केली होती. "हे मशीनवाले भाई हायेत," ती म्हणाली, "ह्यांना मी वळखते." तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. माणसं एकेक करून पांगली. कुणी माफी मागितली नाही, आणि मीही ती अपेक्षा केली नाही. त्या गावाचं नाव मी कुणाला सांगत नाही, कारण मला सोडवणारी बाईही त्याच गावची.

घरी आलो तेव्हा बायकोनं फाटलेली कॉलर बघितली. सगळं ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि कॉलर शिवता शिवता एवढंच म्हणाली, "फोटू के वास्ते मरते क्या?" मी पुन्हा जाणार नाही असा तिला शब्द दिला.

चार महिने पाळला. नंतर मी चोरून जायला लागलो. पण एकाच जागी. गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याचं हळदीचं रान आहे, त्याच्या बांधावरून रुळाचं एक सुंदर वळण दिसतं. त्याच्या बायकोची मशीन माझ्याकडंच येते. "उभं राहा की, बांध काय झिजतो का," तो म्हणाला होता. बांध रेल्वेच्या हद्दीबाहेर, मला ओळखणाऱ्या माणसाचा. मला तिथं कमी भीती वाटायची. घरी सांगायचो, मशीन बघायला चाललो.

त्याच पट्ट्यात माझी एका कीमॅनशी ओळख झाली. कीमॅन म्हणजे रोज पायी फिरून रुळाच्या चाव्या, बोल्ट, जोड तपासणारा माणूस. माझ्यापेक्षा वयानं मोठा. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी. पहिल्या दिवशी त्यानंही विचारलं, काहून काढता? मी म्हणालो, आवड आहे. "मग काढा," तो म्हणाला, आणि पुढं गेला. एवढ्या सहज कुणी 'काढा' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. नंतर तो "जय भीम, भाई" म्हणत थांबायला लागला, मी "जय भीम, दादा" म्हणत डब्यातली पोळी पुढं करायचो. थंडीत रूळ कसा आखडतो, वेल्डिंगचा जोड कधी कसा ओढला जातो, हे त्यानंच मला सांगितलं.

गेल्या जानेवारीतली ती सकाळ. थंडी कडक होती. हळदीचा पाला पिवळा पडून जमिनीला टेकला होता, गवतावर दव होतं. सकाळच्या पॅसेंजरला अजून अर्धा तास होता. गाडी यायच्या आधी उजेडाचा अंदाज घ्यायला मी रिकाम्या वळणाचे दोन-चार फोटो काढतो. तसेच काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून बघत होतो. कोवळं ऊन रुळाच्या माथ्यावर पडून एक लांब पांढरी रेघ चमकत होती. एका जागी ती तुटली होती. तिथं एक आडवी काळी रेघ होती.

मला वाटलं, सावली असेल. पुन्हा फोटो काढला. रेघ तिथंच.

तीस वर्षं मी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मशीन हाताळतोय. तडा कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको. तरी खात्री करावी म्हणून मी बांध उतरून, भराव चढून रुळाजवळ गेलो, खडीच्या कडेला उभा राहिलो. वेल्डिंगच्या जोडाशीच रूळ तुटला होता. दोन तुकड्यांमध्ये माझं बोट सहज गेलं असतं एवढी फट. वळणावर, भराव उंच असलेल्या जागी.

मी मागं वळून बघितलं. ओल्या गवतात बांधापासून रुळापर्यंत एकाच माणसाच्या पावलांची रांग उमटली होती. माझ्या बुटांची.

गाडीची भीती नंतर आली, हे मला लिहिलंच पाहिजे. आधी माझी स्वतःची भीती आली. तुटलेला रूळ, शेजारी कॅमेरा घेऊन उभा असलेला मी, आणि माझं नाव. ओट्यावरची ती दुपार मला जशीच्या तशी दिसली. फक्त ह्या वेळी मला ओळखणारी कुणी बाई नव्हती.

कीमॅनला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तीनदा लावला. तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडून निघतो हे मला माहीत होतं, पण इथं केव्हा पोचेल हे माहीत नव्हतं. मी कॅमेरा पिशवीत कोंबला आणि स्कूटरकडं पळालो. बांधाशेजारची गाडीवाट डावीकडं गावात जाते, उजवीकडं रेल्वेच्या फाटकावर. फाटकावर माणूस असतो, त्याच्याकडं स्टेशनचा फोन असतो. मला सगळं ठाऊक होतं. मी डावीकडं वळलो.

किती अंतर गेलो? कालव्याच्या मोरीपर्यंत. मनात म्हणत होतो, कीमॅन बघेल. त्याचं कामच आहे. मी इथं नव्हतोच. हे मी बायकोलासुद्धा आजवर सांगितलेलं नाही. मोरीवर आलो आणि मागून फाटकाची घंटा ऐकू आली. फाटक पडत होतं, म्हणजे गाडी निघाली होती. त्या गाडीनं कोण जातं ते मला माहीत होतं. दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया. तिच्या खिडक्यांचे मी शंभर वेळा फोटो काढले होते.

स्कूटर वळवताना ती एकदा माझ्या अंगावरच पडली.

फाटकावर दोन ट्रॅक्टर थांबले होते. गेटमन तरुण होता, उत्तरेकडचा. मी त्याला सांगितलं, पुढं वळणावर रूळ तुटलाय.

"आप कौन हैं? आपको कैसे मालूम?" त्यानं विचारलं.

मी पिशवीतून कॅमेरा काढला. जे लपवायचं होतं तेच दाखवावं लागलं. त्यानं पडद्यावरची काळी रेघ बघितली, मग माझ्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं. मग त्याचा चेहराच बदलला. त्यानं फोन उचलला, सिग्नल लाल केला, लाल झेंडी घेतली. "यहीं रुकिए," तो मला म्हणाला, "कहीं जाना मत." आणि गाडी येत होती त्या दिशेनं रुळाच्या कडेनं धावत सुटला.

येणाऱ्या गाडीच्या बाजूनं बघितलं तर तुटलेली जागा फाटकाच्या पलीकडं होती. गाडी फाटकाच्या अलीकडंच थांबली तर काही होणार नव्हतं. मी फाटकाला धरून उभा राहिलो. इंजिन दिसलं. ते थांबणार नाही असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. मग चाकांची किंचाळी ऐकू आली, ब्रेकचा जळका वास आला, आणि फाटकापासून बरंच अलीकडं गाडी थांबली. कॅमेरा गळ्यात होता. हात वर गेला नाही. खिडक्यांतून माणसं डोकावून विचारत होती, काय झालं, काहून थांबली. एक बाई लेकराला पाजत खिडकीला बसली होती, तिनं वरही बघितलं नाही.

थोड्या वेळानं पलीकडून कीमॅन आला. त्याचा फोन मफलरात गुंडाळून पिशवीत होता. रेल्वेची इतरही माणसं आली. तुटलेल्या जागी दोन्हीकडून पट्ट्या लावून शिकंजे आवळले आणि गाडी माणसाच्या चालीनं पुढं काढली. काम संपल्यावर कीमॅन माझ्याजवळ आला.

"तुमी बघितलं?"

"हो दादा."

"किती वाजता?"

मी वेळ सांगितली. त्याचं तोंड उतरलं होतं. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

दुपारी रेल्वेचे एक सुरक्षा अधिकारी आले. बोलायला शांत माणूस. नाव विचारलं, लिहिताना पेन क्षणभर थांबलं, मग पुढं चाललं. तिथं कशाला गेला होता, कधीपासून जाता, फोटो कुणाला पाठवता. कुणालाच नाही, मी म्हणालो. "परवा ऑफिसला या," ते म्हणाले. "कॅमेरा घेऊन."

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे मोरीचं सोडून सगळं. दोन वर्षांचं खोटं तिनं बाजूला ठेवलं. नंतर म्हणाली, "कार्ड फेंक दो. बोलो, खराब हो गया." मलाही तेच करावंसं वाटत होतं. कार्डात दोन वर्षांचे फोटो होते, सगळे त्याच वळणाचे. मला नीट ओळखणाऱ्यालासुद्धा ते बघून शंका आली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कीमॅन दुकानात आला. स्टुलावर बसला, चहा घेतला नाही.

"मला विचारून राहिले, भाई," तो म्हणाला. "तडा आदल्या दिवशीचाच असंल, तुला दिसला कसा न्हाई म्हणतात. मी दुपारी त्या जोडावर हातोडा मारून बघितला होता. चांगला खणखणीत वाजला. पन ते कोन मानतं? तीन वर्षं राह्यली माझी नोकरीची."

त्यानं माझ्याकडं काही मागितलं नाही. त्याला मागण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तडा दिसला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच बांधावर होतो. एका मालगाडीला नव्या रंगाचं इंजिन लागलं होतं, त्यासाठी गेलो होतो, आणि सवयीप्रमाणं रिकाम्या वळणाचे फोटो काढले होते. कीमॅन गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून कॅमेरा उघडला. मावळतीच्या उन्हात रुळाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग चमकत होती. त्याच जोडावर मोठं करून बघितलं. कुठं काही नव्हतं.

म्हणजे तडा रात्रीच्या थंडीत गेला होता. माझ्या फोटोनं कीमॅन सुटत होता, आणि त्याच फोटोनं मी तिथं दोन दिवस लागोपाठ होतो हे सिद्ध होत होतं.

रात्री जेवताना मी बायकोला हे सांगितलं. तिनं ताटातला हात थांबवला. मग विचारलं, "उनके घर में कौन कौन है?" मी सांगितलं, बायको आहे, एक पोरगी शिकतेय. सकाळी माझा शर्ट इस्त्री करून हातात देताना ती म्हणाली, "पूरा कार्ड दो. एकच फोटू दिए तो बोलेंगे, बाकी का काइकू छुपाया." तिचं म्हणणं बराबर होतं.

अधिकाऱ्यांनी कार्ड संगणकाला लावलं आणि एकेक फोटो बघायला सुरुवात केली. मी समोर खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. वळण. वळण आणि इंजिन. पावसातलं वळण. हळदीच्या पानांमागं वळण. दर फोटोबरोबर मी आणखी गुन्हेगार होत चाललोय असं मला वाटत होतं.

"दोन वर्षं एकाच जागी?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"का?"

मग मी त्यांना ओट्यावरची ती दुपार सांगितली. गावाचं नाव त्यांनी विचारलं, मी म्हणालो, तेवढं सांगत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आदल्या संध्याकाळचा फोटो आला तेव्हा मीच बोट दाखवलं. त्यांनी तो मोठा केला, शेजारच्या खोलीतून एका इंजिनियरला बोलावलं. दोघं पडद्याजवळ डोकं घालून हळू आवाजात बोलले. मला काही ऐकू आलं नाही. कार्ड ठेवून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

पुढचे नऊ दिवस मी नीट जेवलो नाही. दुकानासमोर मोटारसायकल थांबली की हातातला पाना खाली ठेवायचो. एका मशीनचे दात मी उलटे बसवले; गिऱ्हाईक परत आलं तेव्हा कळलं, कापड पुढं जायच्या ऐवजी मागं येत होतं. बायको फोन वाजला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. आपण नातेवाइकांना काय सांगायचं, हेही आम्ही ठरवून ठेवलं होतं. काय घडलं तर, हे मात्र दोघांनी एकदाही उच्चारलं नाही.

दहाव्या दिवशी बोलावणं आलं. अधिकाऱ्यांनी कार्ड पुढं सरकवलं.

"रूळ आदल्या संध्याकाळी शाबूत होता हे दिसतंय. कीमॅनवर ठपका ठेवलेला नाही," ते म्हणाले. "तुमच्यावरही नाही. तुमच्यामुळं गाडी वाचली, हे मी लिहिलंय."

मी कार्ड खिशात ठेवलं. उठलो तर ते म्हणाले, "पण असं फिरत जाऊ नका. रीतसर परवानगी घ्या." कुणाकडं अर्ज करायचा ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. मी अर्ज केला आहे. उत्तर अजून यायचं आहे.

त्यानंतर मी दोन महिने वळणाकडं फिरकलो नाही. कीमॅन एकदा हरभऱ्याची पेंढी घेऊन दुकानात आला. तो पेंढी ठेवून बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि जाताना म्हणाला, "येत न्हाई आता तुमी." मी म्हणालो, वेळ मिळत नाही. त्याला ते खरं वाटलं नसावं.

घरी हे कळल्यावर बायको म्हणाली, "मैं आती साथ में. मियाँ-बीवी को कोई कुछ नहीं बोलता." हे खरं आहे असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नसेल. पण पुढच्या रविवारी ती थर्मास भरून स्कूटरवर मागं बसली.

बांधावर तिनं चटई अंथरली. हळद निघून गेली होती, रान उघडं पडलं होतं आणि आम्ही दोघं लांबूनही दिसत होतो. मी लेन्स लावली. इतक्यात गाडीवाटेवर एक मोटारसायकल हळू झाली. दोन माणसं होती. मी कॅमेरा खाली केला. पूर्वी मी एकट्यासाठी घाबरायचो, आता तिच्यासाठीही घाबरलो, आणि तिला आणल्याचा पश्चात्ताप झाला. तिनं पदर सारखा केला, थर्मासचं झाकण उघडलं आणि कपात चहा ओतायला लागली, जणू आम्ही त्यासाठीच आलो होतो. थोडा चहा चटईवर सांडला. मोटारसायकलवरच्यांनी आमच्याकडं बघितलं, आपसात काही बोलले आणि निघून गेले.

मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्याकडं बघत होतो. मागून गाडीचा आवाज आला, मी वळलो तोवर शेवटचा डबा वळणाआड जात होता.

"निकल गई," बायको म्हणाली, आणि तिनं कप माझ्या हातात दिला.